तळ्याकाठचा बेत

माझ्या धाकट्या भावाने पहिली यादी पाठवली ती २०२४ च्या संक्रांतीच्या दिवशी. तिळगुळाने चिकट झालेले हात घेऊन मी शाळेतून घरी आलो, तो मोबाइलवर ती येऊन बसलेली. चार रकान्यांची यादी होती. पहिल्यात वस्तूचे नाव, दुसऱ्यात ती कुणी आणायची, तिसऱ्यात नग किती, आणि चौथ्यात नुसताच एक रिकामा चौकोन. वस्तू पिशवीत पडली की त्या चौकोनात बरोबरची खूण करायची. तंबू, तंबूखालची ताडपत्री, झोपायच्या पिशव्या, कपाळाला बांधायच्या बत्त्या, डासांचे औषध, गॅसची लहान शेगडी, अशा बेचाळीस बाबी. त्यांत माझ्या नावापुढे एकच गोष्ट होती : गरम टोपी, नग एक.

सौभाग्यवतींनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, “एवढं विमानाचं भाडं भरून जमिनीवरच झोपायचं, तर आपली गच्ची काय वाईट आहे?”

आमचा धाकटा चौदा वर्षे अमेरिकेत, मिनिॲपोलिस शहरी आहे. शाळेच्या मोठ्या सुट्टीत आईने आणि मी त्याच्याकडे जायचे ठरले होते. व्हिसाची कथा सांगत नाही. ती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना नको वाटेल आणि ज्यांनी अनुभवली नाही त्यांना खरी वाटणार नाही. अमेरिकेला जाणारी आपली माणसे नायगारा पाहतात, उंच इमारतींपुढे उभी राहून फोटो काढतात. धाकट्याच्या मनात निराळेच होते. आम्हां दोघांना त्याला एका तळ्याकाठी तीन रात्री तंबूत ठेवायचे होते.

तो राहतो ते मिनेसोटा हे तळ्यांचे राज्य. दहा हजार तळी असल्याचे ते राज्य मोटारींच्या नंबराच्या पाट्यांवरसुद्धा मिरवते, आणि मोजदाद केली तर ती त्याहूनही जास्त भरतात. त्यांतले इटास्का नावाचे तळे मिनिॲपोलिसपासून मोटारीने चार तासांवर. त्याच्या भोवतालचे रान राज्याने १८९१ साली उद्यान म्हणून राखले. विधिमंडळात तो ठराव अवघ्या एका मताने पास झाला. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कारंजे, बाके आणि ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी येते. हे तसे नव्हे. आज त्या उद्यानाचा विस्तार बत्तीस हजार एकरांच्या आसपास आहे, आणि त्याच्या पोटात लहानमोठी शंभरावर तळी आहेत. पाइन वृक्षांच्या त्या रानात तंबू ठोकण्यासाठी जागा आखून दिल्या आहेत. प्रत्येक जागेला नंबर, एक लाकडी मेज, शेकोटीसाठी एक लोखंडी कडे. नळ आणि न्हाणीघर थोड्या अंतरावर. एका जागेत जास्तीत जास्त सहा माणसे.

अशा जागांचे दोन तळ तिथे आहेत. एकाचे नाव पाइन रिज आणि दुसऱ्याचे बेअर पॉ. आईने अर्थ विचारला. मी सांगितले, “अस्वलाचा पंजा.”

“मग पहिलाच घ्या,” आई म्हणाली.

पण पाण्याला लगटून होता तो अस्वलाचा पंजाच!

जागा मिळवायची रीत अशी की मुक्कामाच्या बरोबर १२० दिवस आधी नोंदणी खुली होते. आम्हाला ७ जूनची रात्र हवी होती. मी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून उलटे दिवस मोजले. २०२४ हे लीप वर्ष, म्हणून एक दिवस चुकला. पुन्हा मोजले, तेव्हा ८ फेब्रुवारी ही तारीख निघाली. आई म्हणाली, “आमच्या लग्नाची तारीखसुद्धा एवढी आधी काढली नव्हती.” आणि हे सगळे कशासाठी, तर बारा पावलांच्या एका मोकळ्या चौकासाठी. पण तिकडची माणसे ऐन थंडीत बसून उन्हाळ्यातले तळ्याकाठचे चौक धरून ठेवतात, हे मला फार आवडले. मी मूळचा बेत करणाऱ्यांच्या जातीचा. माझ्या दोन कादंबऱ्या लिहून झाल्या आहेत आणि नऊ ठरवून झाल्या आहेत.

मधल्या दिवसांत धाकट्याने जागांचे नकाशे आणि फोटो पाठवले. शाळेची कामे आटोपली की मी ते पाहत बसे. या जागेवर सावली जास्त, त्या जागेची जमीन उतरती, ही न्हाणीघराजवळ म्हणून आईला सोयीची पण वर्दळीची. आठवड्याभरात मला ते रान आमच्या गल्लीइतके पाठ झाले. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मी मनात एकेका जागेवर तंबू ठोकून पाहत असे.

आठ फेब्रुवारीला तिकडची सकाळ, म्हणजे आपली दिवेलागण उलटून गेलेली. आईने देवापाशी निरांजन लावले आणि माझ्या शेजारी येऊन बसली. फोन चालू होता. पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू येत होती. डोळ्यांदेखत जागा भराभर जात होत्या. धाकटा नंबर उच्चारी आणि लगेच म्हणे, “गेली.”

मग तो घाईने म्हणाला, “दादा, दोन उरल्यात. एक आत आहे. वीज आहे, न्हाणीघर जवळ. दुसरी तळ्याजवळ, पण वीज नाही, आणि रात्री आईला चालावं लागेल. सांग लवकर.”

“तू ठरव ना. आम्ही पाहुणे.”

“तू सांग. ट्रिप तुझी आहे.”

“माझी कशी?”

“तूच ठरवली होतीस. चौऱ्याण्णव साली.”

मी काहीच बोललो नाही. बोलली ती आई. माझ्या हातातला फोन आपल्याकडे ओढून म्हणाली, “तळ्याजवळची घे रे. मला चालता येतं.”

१९९४ च्या मार्चमध्ये माझी मॅट्रिकची परीक्षा होती. धाकटा दहा वर्षांचा. त्याच्या भूगोलाच्या पुस्तकात गोदावरी ही एक निळी रेघ होती, आणि ती रेघ जिथे सुरू होते तिथे नक्की काय आहे, हा प्रश्न तो मला रोज विचारी. मी मोठ्या ऐटीत सांगितले, “परीक्षा संपली की तुला ब्रह्मगिरीवर नेतो. उगम दाखवतो. रात्री त्र्यंबकला मुक्काम करू.” त्याने गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर यादी केली : बाबांची घोंगडी, बॅटरी, दोन सेल, दोरी, चिवडा, काकड्या, मीठ. दोरी कशाला, हे मी विचारले नाही. मीठ कशाला, ते विचारले. माझ्या अज्ञानाची कीव करीत तो म्हणाला, “काकडीला!”

परीक्षा संपून आठ दिवस झाले नाहीत, तोच बाबा गेले. जूनमध्ये मी एका खासगी शाळेच्या बालवर्गावर उभा राहिलो. अजून त्याच वर्गावर आहे. धाकटा शिकला, इंजिनीअर झाला, परदेशी गेला. त्याच्या फीसाठी मी पुढे शिकलो नाही, ही गोष्ट आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आणि मीही ती सांगू देतो. त्यागाची गोष्ट मोठी असली म्हणजे तिच्या आडोशाला एखादे न पाळलेले लहानसे वचन खुशाल लपून राहते. पहिल्या वर्षी पैसे नव्हते, हे खरे. दुसऱ्या वर्षीही नसतील. पण त्यानंतर काय नव्हते? नाशिकहून त्र्यंबक तीस किलोमीटर. एस.टी. होती, रविवार होते. मी देवळापर्यंत दोनतीनदा जाऊन आलो, पण डोंगर कधी चढलो नाही आणि त्याला कधी नेले नाही. तो विसरला असेल, असे मी धरून चाललो होतो. दहा वर्षांची मुले काय काय विसरत नाहीत, हे मी रोज वर्गात पाहतो, आणि तरीही.

मिसिसिपी याच इटास्का तळ्यातून निघते, हे मी सांगायचे राहिलो. तळ्याच्या उत्तर टोकाशी तिचा उगम आहे. इतक्या तळ्यांतून धाकट्याने हेच का धरले, ते मला आठ फेब्रुवारीला समजले.

एप्रिलच्या एका रविवारी मी आईला घेऊन त्र्यंबकला गेलो. आईच्या मनात एक होते. गोदावरीचे थोडे पाणी बरोबर न्यायचे आणि त्या नदीच्या उगमात सोडायचे. “दोघींची भेट होईल,” ती म्हणाली. ती कुशावर्ताच्या पायरीवर बसून राहिली आणि मी एकटा बाटली घेऊन गंगाद्वाराच्या वाटेला लागलो. पायऱ्या शेकडो, शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांतल्या प्रत्येकीची वेगळी ओळख होते. वर पोचलो. उन्हाळ्याचे दिवस, पाणी थेंबाथेंबाने पडत होते. अर्ध्या लिटरची बाटली भरायला किती वेळ लागला ते पाहिले नाही. माकडे मात्र होती आणि त्यांचा डोळा बाटलीवर होता.

वर गेल्याचे मी धाकट्याला कळवले नाही.

दर रविवारी फोनवर नियमांचा तास होई. सरपण घरून न्यायचे नाही. तिथेच विकत घ्यायचे. आशियातून तिकडे पोचलेल्या एका हिरव्या चकचकीत किड्याने त्या देशातली ॲश जातीची लाखो झाडे मारली, आणि तो किडा लाकडाच्या मोळ्यांतून गावोगाव जातो, म्हणून हा नियम. रात्री दहा ते सकाळी आठ शांतता पाळायची. आई पहाटे पाचला उठून स्तोत्रे म्हणते. तिला ती मनात म्हणायला सांगण्यात आले. खाण्याची कोणतीही वस्तू रात्री तंबूत ठेवायची नाही, मोटारीत बंद करायची. साबण आणि दंतमंजनसुद्धा. अस्वलाचे नाक फार तीक्ष्ण.

“आणि हिंग?” आईने विचारले.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग धाकटा म्हणाला, “हिंगाचं कुठं लिहिलेलं नाही. पण मोटारीतच ठेवू.”

नियमांना कंटाळलो की तो आम्हाला त्या जागेचा इतिहास सांगे. १८३२ साली स्कूलक्राफ्ट नावाचा एक गोरा अधिकारी मिसिसिपीचा उगम शोधत तिथे पोचला. तळ्याला भारदस्त नाव हवे म्हणून त्याने लॅटिनमधले ‘सत्य’ आणि ‘शिर’ या अर्थांचे ‘व्हेरिटास’ आणि ‘कापुट’ हे दोन शब्द शेजारीशेजारी ठेवले, पहिल्याचे डोके उडवले, दुसऱ्याची शेपटी उडवली, आणि मधे उरले ते ‘इटास्का’. मी भाषा शिकवणारा माणूस. मला ही युक्ती इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर मुलांकडून तसे चार शब्द करून घेतले. आईला तिचे काही वाटले नाही. तिने एवढेच विचारले, “त्याला तिथं नेलं कुणी?” आणि प्रश्न बरोबर होता. त्याला नेले ओजिब्वे लोकांच्या ओझाविंदिब नावाच्या प्रमुखाने. त्या लोकांना ते तळे आधीपासून ठाऊक होते आणि त्यांच्या भाषेत त्याला नावही होते.

आईला आवडली ती मेरी गिब्झ. उद्यानाची व्यवस्था पाहणारे तिचे वडील १९०३ साली वारले आणि काम चोवीस वर्षांच्या त्या मुलीकडे आले. लाकूड कंपन्यांनी ओंडके वाहून नेण्यासाठी पाणी अडवले होते. त्याने काठची झाडे बुडू लागली. ही पोरगी बंधाऱ्याची दारे उघडायला सांगायला गेली, आणि समोरून बंदुकीची धमकी आली तरी मागे हटली नाही. आज उगमाजवळच्या इमारतीला तिचे नाव आहे. “बाप गेल्यावर,” आई म्हणाली, आणि पुढे काही न बोलता तिने माझ्याकडे पाहिले. मला बालवर्गापुढे बंदूक कुणी रोखली नव्हती. पण आईला एवढा फरक मान्य नसतो.

७ जूनला दुपारी आम्ही चौघे तिथे पोचलो. धाकटा, त्याची आठ वर्षांची मुलगी, आई आणि मी. भावजयीला रजा मिळाली नव्हती. जागा मी मनात पाहिली होती तशीच होती. फक्त मनातल्या जागेवर डास नव्हते. तंबू उभारताना धाकट्याने मला खुंट्या मोजायला दिल्या. मी त्या दोनदा मोजल्या.

आईची पंचाईत दिव्याची झाली. सात वाजले, आठ वाजले, तरी लख्ख ऊन. सूर्य मावळायला सव्वानऊ झाले. तिन्हीसांज होईपर्यंत ती हातात वात घेऊन मेजाशी बसून होती. शेवटी दिवा लागला, तो शांततेची वेळ सुरू व्हायला काही मिनिटे उरली असताना. अमावास्या होऊन एकच दिवस झाला होता. झाडांच्या शेंड्यांमधून इतके तारे दिसले की नाशिकच्या आकाशाची मला कीव आली. आणि मग तळ्यावरून कुणीतरी लांबलचक हाक मारली. माणसाचीच वाटावी, अशी. मी उठून उभा राहिलो.

“लून पक्षी आहे, मोठे काका,” पुतणी कुजबुजली. “आमचा स्टेट बर्ड.”

“कुणाला बोलावतोय?” आईने विचारले.

“दुसऱ्या लूनला.”

थोड्या वेळाने पलीकडच्या काठावरून उत्तर आले, तेव्हा आई निजली.

सकाळी आम्ही उगमावर गेलो. तळ्याच्या काठाशी दगडांची एक रांग आहे. तिच्यावरून पाणी खळाळत पलीकडे जाते आणि पलीकडे गेले की त्याचे नाव मिसिसिपी. गुडघाभर पाणी, आपल्या ओढ्याएवढी रुंदी. शेजारच्या लाकडी खांबावर कोरले आहे की इथून समुद्र २५५२ मैल. नदी आधी उत्तरेला जाते, मग विचार बदलल्यासारखी वळून दक्षिणेची वाट धरते. धाकट्याने सांगितले की ही जागा पूर्वी दलदलीची होती. १९३० नंतरच्या दशकात पाण्याची वाट नव्याने खणली आणि हे दगड माणसांनी बसवले. आईला त्यात वावगे वाटले नाही. कुशावर्ताला तरी दगडी घाट कुणी बांधले?

तिने पिशवीतून बाटली काढली. धाकट्याने ती ओळखली असावी. तो काही बोलला नाही. बोलली ती पुतणी.

“आजी, नो! दुसरीकडचं पाणी इथं ओतायचं नाही.”

शाळेत त्यांना हे शिकवतात. एका तळ्यातले पाणी नावेतून किंवा आमिषाच्या डब्यातून दुसऱ्यात गेले की त्याबरोबर नको ते जीव जातात. झेब्रा मसल नावाचे बोटभरही नसलेले शिंपले असेच त्या राज्यातल्या कितीतरी तळ्यांत पसरले आहेत. म्हणून नाव बाहेर काढली की तिच्यातले पाणी काठावरच उपसून टाकायचे, असा कायदा आहे. मुलीने हे सगळे अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत, डोळ्यांत पाणी आणून सांगितले. आजीला दुखवायचे नव्हते आणि तळ्यालाही. मी धाकट्याकडे पाहिले, तो माझ्याकडे पाहत होता. शेकडो पायऱ्या चढून आणलेले पाणी माझ्या डोळ्यांपुढे होते. चार थेंबांनी काय होणार, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आले होते.

आई मुलीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने बाटली पुन्हा पिशवीत ठेवली. “हिचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “पाहुण्यांनी विचारून वागावं. उकळून चहा केला तर चालेल का गं?”

पुतणीने विचार केला. “बॉइल्ड चालेल.”

मग आम्ही दगडांवरून नदी ओलांडली. दगड शेवाळलेले. मधोमध माझा पाय घसरला आणि एक पाय मिसिसिपीत गुडघ्यापर्यंत गेला. धाकट्याने मागे वळून हात दिला. “दादा, गंगाद्वाराला तू स्वतः चढलास?” त्याने विचारले.

“चढलो.”

“कसं आहे?”

“थेंब थेंब पडतं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

तो हसला. माझा हात त्याने पलीकडच्या काठापर्यंत सोडला नाही.

तंबूपाशी परतल्यावर गोदावरीचे पाणी शेगडीवर चढले. अर्ध्या लिटरमध्ये तिघांचा चहा. पुतणीला चहा वर्ज्य, म्हणून तिने नुसते आधण निवू देऊन दोन घोट प्यायली आणि चव ‘ओके’ असल्याचा निर्वाळा दिला. धाकट्याने मोटारीतून काकड्या काढल्या, त्यांच्या चकत्या केल्या आणि ताटली मेजावर ठेवून तो काहीतरी शोधू लागला. डबे उघडले, पिशव्या उलथ्या केल्या. शेवटी त्याने मोबाइलवर ती चार रकान्यांची यादी काढली. बेचाळीसच्या बेचाळीस चौकोनांत बरोबरच्या खुणा होत्या. मीठ त्यात कुठेच नव्हते.

“यादी कुणी केली होती?” मी विचारले.

तो उत्तर देईना. पुतणी एव्हाना रिकामी वाटी घेऊन शेजारच्या तंबूकडे निघाली होती.